फॉर्मवर सगळं "नाही", आणि दंडाला बीपीचा कफ बांधला की बीपी 180. पेशंटला विचारायचं तरी कसं?

नवीन_सीएचओ

नमस्कार सगळ्यांना. मी बीएएमएस, सहा महिन्यांचं ते कम्युनिटी हेल्थचं सर्टिफिकेट करून आता मराठवाड्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून लागलेय. तिशीच्या वरच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजायची प्रश्नावली) आमच्या आशाताई घरोघरी जाऊन भरतात, स्कोअर चारच्या वर गेला की त्यांना आधी माझ्याकडे पाठवतात, मग बीपी, शुगर आणि हिस्ट्री माझ्याकडे.

अडचण अशी की विचारलं की सगळ्याला नाही. तंबाखू नाही, दारू नाही, घरात कुणाला शुगर नाही, त्रास काही नाही. आणि कफ बांधला की 180/110. कधीपासून विचारलं तर "लई दिस झाले". बायकांना विचारावं तर नवरा नाहीतर सासू उत्तर देते आणि त्या नुसत्या मान हलवतात. कॉलेजात हिस्ट्री घ्यायला शिकले ती वॉर्डातल्या पेशंटची, तो आजारी आहे म्हणूनच आलेला असतो, त्याला सांगायचंच असतं. इथे बऱ्या माणसाला त्याच्या कामातून उठवून आणलेलं असतं, त्याला वाटतं ही सरकारी माहिती भरतेय, लवकर संपव. बाहेर रांग असते ती वेगळीच. लोक खोटं बोलतात असं मला अजिबात वाटत नाही, माझ्याच विचारण्यात काहीतरी बदलायला हवं. तुम्ही कसं विचारता ते जरा खुलासेवार सांगा.

---

निवृत्त_सिस्टर

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी सोलापूर जिल्ह्यात एएनएम (उपकेंद्रावरची नर्स) होते, आयुष्य ह्याच कामात गेलं.

पहिलं म्हणजे फॉर्म आणि पेन बाजूला ठेवा. आधी दोन मिनिटं बोला, मग लिहा. हातात कागद दिसला की माणूस कागदाला उत्तर देतो.

दुसरं, आजाराचं नाव घेऊन विचारूच नका, दिवस विचारा. सकाळी किती वाजता उठता, दात कशाने घासता, चहा किती वेळा, शेतात किती वाजता जाता. "तंबाखू खाता का मावशी" म्हटलं की नाही म्हणणार, आणि ते तिच्या परीने खरंच आहे कारण ती खात नाही, ती मिश्री लावते. तवा तापवून तंबाखू भाजून केलेली मिश्री आपल्याकडच्या कितीतरी बायका दिवसातून चार चार वेळा लावतात आणि तिला कुणी व्यसन धरतच नाही. म्हणून दात कशाने घासता हाच प्रश्न, आणि लगेच "दुपारी परत लावता का, मग झोपताना?" असं विचारायचं. आवाजात रागावणं नको. एकदा रागावलात की ती गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवते की तिथे काय बोलायचं नाही.

ऑपरेशनचंही तसंच. "ऑपरेशन झालंय का" म्हणजे बायकांना कुटुंब नियोजनाचं वाटतं. पोटावर टाके आहेत का विचारा, किती वेळा पडले, कशासाठी पडले. मराठवाड्यात तर गर्भाची पिशवी काढलीय का हे मुद्दाम विचारा, वय तीस-पस्तीस असलं तरी. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये किती गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढलेली बाई पाळीच्या प्रश्नाला "नाही येत" एवढंच म्हणते, आपण पाळी गेली असं लिहून पुढे जातो.

तारखा कुणाला आठवत नाहीत, त्यात त्यांची काही चूक नाही. पोळ्याच्या आधी का नंतर, गौरी बसल्या तेव्हा होतं का, तूर काढायला आली तेव्हा होतं का, असं विचारत गेलं की आठवड्याच्या फरकाने बरोबर दिवस सापडतो. एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, मी कायम अशीच काढली.

आणि नवरा-सासूचं, त्यांना "बाहेर जा" म्हणू नका, राग येतो आणि घरी गेल्यावर तो बाईवर निघतो. त्यांचंही वजन-बीपी करायला आरोग्यसेवकाकडे दुसऱ्या खोलीत पाठवा. त्यांचीही तपासणी होते आणि तुम्हाला बाई एकटी मिळते. त्या पाच मिनिटांत अंगावरून जाणं, मारहाण, सगळं बाहेर येतं.

---

मेडिसिनवाला_विदर्भ

सिस्टरांनी जे लिहिलंय ते मी माझ्या इंटर्न मुलांना वाचून दाखवणार आहे. 2019 पासून एमबीबीएसला अ‍ॅटकॉम नावाने संवादाचे तास असतात पण इतकं नेमकं तिथे कुणी सांगत नाही.

माझं एकच म्हणणं आहे, सुरुवातीला गप्प बसा. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटची बोलणी रेकॉर्ड करून तपासली, डॉक्टर सरासरी 18 सेकंदात पेशंटला तोडत होते. 2018 मध्ये तिकडेच परत तसं मोजलं तर ज्यांना तोडलं त्यांच्यात मधला आकडा 11 सेकंद निघाला. आपल्याला वाटतं बोलू दिलं तर हा अर्धा तास घेईल. पण स्वित्झर्लंडमध्ये एका मोठ्या ओपीडीत डॉक्टरांना सांगितलं की पेशंट आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, आणि छुपं घड्याळ लावलं. सरासरी दीड मिनिट, आणि दहातल्या जवळजवळ आठ जणांचं दोन मिनिटांत संपलं. हे 2002 चं बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातलं आहे. रांग असली तरी दीड मिनिट देता येतं हो. उलट मध्ये तोडलं की उठता उठता दारात "आणि डॉक्टर अजून एक..." होतं आणि खरं दुखणं नेमकं तेच असतं.

दुसरं, शब्द आपण पुरवायचे नाहीत. "छातीत दुखतं का" म्हटलं की नाही म्हणतात, कारण त्यांना दुखत नसतं, भरून येतं, आवळल्यासारखं होतं, आणि घरी सगळ्यांनी ते पित्त नाहीतर गॅस असं ठरवून टाकलेलं असतं. "काय होतं ते तुमच्या भाषेत सांगा" म्हणा आणि हात कुठे जातो बघा. छातीवर मूठ ठेवून पित्त म्हणणारा माणूस मी ईसीजी काढल्याशिवाय सोडत नाही. मग विचारा, चढ चढताना किंवा भरभर चालताना होतं का, थांबलं की कमी होतं का. चक्कर येते म्हणाले तर घर फिरतं का उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, दोन्हीची कारणं पूर्ण वेगळी, आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला अंधारी येत असेल तर उभं करून परत बीपी बघाच.

---

पेशंटची_मुलगी

मी डॉक्टर नाही पण लिहावंसं वाटलं. माझ्या आईला बीपी आहे, एका दवाखान्यात दर वेळी विचारायचे गोळ्या घेता ना, ती हो म्हणायची, बीपी काही उतरत नव्हतं, मग डोस वाढवला. खरं म्हणजे ती डोकं दुखेल त्या दिवशीच गोळी घ्यायची कारण तिला वाटायचं दुखलं म्हणजेच बीपी, आणि महिन्याच्या शेवटी पैसे पुरवायचे म्हणून अर्धी. कुणी वेगळं विचारलंच नाही तिला. नंतर दुसरीकडे गेलो तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, गोळ्या सगळ्यांच्याच राहतात, तुमच्या आठवड्यातून किती राहतात?" आणि आईने सगळं भडाभडा सांगून टाकलं, मी शेजारी बसले होते, मलाही त्या दिवशी कळलं. डोस न वाढवता बीपी खाली आलं. त्यामुळे कृपा करून "घेता ना?" असं विचारू नका, त्याला नाही म्हणायची हिंमत म्हाताऱ्या माणसाला होत नाही. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, तारखा आणि उरलेल्या गोळ्या बघितल्या की कळतं.

---

मेळघाटातून

सगळ्यांशी सहमत. आमच्याकडे कोरकू बोलतात त्यामुळे मध्ये कुणीतरी सांगणारं लागतं. शाळेतल्या पोराला दुभाषा करू नका, आई त्याच्यासमोर काय बोलणार. आशाताईला घ्या, आणि बघायचं मात्र पेशंटकडे, आशाताईकडे नाही.

बायका सांगत नाहीत म्हणजे त्रास नाही असं समजू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या होत्या, 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

---

नवीन_सीएचओ

खूप खूप आभार सगळ्यांचे. दात कशाने घासता आणि गोळ्या किती राहतात हे दोन प्रश्न मी आशाताईंच्या मीटिंगमध्ये सांगितले, त्या म्हणाल्या मॅडम हे तर आम्हाला माहीतच होतं, फॉर्ममध्ये नाही म्हणून विचारत नव्हतो. आता त्यांनाच विचारून आमच्या गावासाठी अशी यादी करतेय.

अजून एक विचारते. तरुण शेतकरी येतात, झोप येत नाही म्हणतात, दारूचं विचारलं की "कधीमधी". डोळ्यांकडे बघून भीती वाटते मला. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का हे थेट विचारावं का? विचारल्याने डोक्यात भरेल असं सगळे म्हणतात.

---

मनोसामाजिक_कार्यकर्ता

विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, यावर भरपूर अभ्यास झालाय, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. फक्त पायरी पायरीने जा. झोप, मग जेवण जातं का, मग कशात मन लागतं का, मग "एवढं सगळं अंगावर आलं की जगणं नको वाटतं का कधी", आणि तो गप्प झाला तर तुम्ही पण गप्प बसा, लगेच "असा विचार करू नये, लेकरांकडे बघा" नको, तिथेच बोलणं बंद होतं. हो म्हणाला तर पुढचं थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार आला का, कसा द्यायचा ते ठरवलंय का.

दारूचं "घेता का" न विचारता "शेवटची कधी घेतली, क्वार्टर का हाफ" असं विचारा, आकडा मिळतो. कुणासोबत घेता तेही विचारा, एकटा पीत असेल तर मी जास्त लक्ष ठेवतो.

आणि फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय हे विचारायला विसरू नका. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने भावाला किंवा मित्राला बोलवा, औषध त्याच दिवशी दुसऱ्याकडे कुलपात जाऊ द्या, आणि त्या रात्री त्याला एकट्याला सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, तुमच्या फोनवरून तिथेच लावून द्या, नंबर लिहून दिला तर तो घरी जाऊन लावत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे चिठ्ठी देऊन पाठवताना सोबत कोण जाणार ते ठरवूनच पाठवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. रेफरचं पत्र कसं लिहायचं ते हवं असेल तर इथेच विचारा, आमचा नमुना टाकतो.