आईचं रक्त कमी, वहिनीला दिवस गेलेत, बाबांना शुगर. चहा बंद करायचा का?

पऱ्हाटी
दारव्हा तालुक्यातलं गाव. सध्या कापूस वेचणी चालू आहे. आई सकाळी उपाशीपोटी चहा पिऊन वावरात जाते, शिदोरी खाल्ली की पुन्हा चहा. तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघालं. उपकेंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या, त्याही ती चहासोबतच घेते, म्हणे पाण्यानं मळमळते. वहिनीला पाचवा महिना. बाळ काळं होईल म्हणून आजीनं तिचा चहाच तोडला. अन् बाबा साखर सोडून गुळाचा चहा पितात, तोही गंजभर. कोणाला काय सांगू?

वऱ्हाडी गडी
आजीले म्हणा, म्हशीचं वगारू जल्मापासून दूधच पेते, झालं का गोरं?

उपकेंद्रवाली
हसण्यावारी नेऊ नका, आधी आईचं पाहा. चहातलं टॅनिन लोहाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात फारसं जाऊ देत नाही. भाजी-भाकरीतल्या लोहाचं तेच होतं अन् गोळीचंही तेच. त्यामुळे गोळी चहासोबत घेणं म्हणजे बरीचशी फुकट घालवणं. दोन्हींत निदान दोन तास जाऊ द्या, जेवणावरही तासभर चहा नको. गोळी निंबूपाण्यासोबत द्या, निंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर थोड्या वेळानं, झोपायच्या आधी. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिची वेळ वेगळी ठेवा.

आणखी एक. या गोळ्यांनी संडास काळी होते. तेवढं पाहून बऱ्याच बाया गोळ्या उकिरड्यावर फेकतात, अन् पुढच्या तपासणीला आम्ही विचारलं तर ‘घेतो ना’ म्हणतात! तो रंग लोहाचाच असतो, भ्यायचं कारण नाही. पण 8.6 म्हणजे डॉक्टरला दाखवाच. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, हे पाहावं लागेल.

वहिनीला चहा चालतो. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, कपातून नाही. मोजायचं ते कॅफिन. गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहायचं. लहान कपात साधारण 30 ते 50 असतं, म्हणजे दोन कपांनी काही बिघडत नाही. कॉफी, कोला घेत असेल तर तेही त्यातच धरा. लोहाची गोळी तिलाही चालू असेल, तिलाही तेच दोन तासांचं अंतर.

काटोलकर
एवढा हिशेब कशाला? सगळ्यांचा बंदच करून टाका. आमच्या घरी केला.

उपकेंद्रवाली
एकदम बंद केला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, ते कॅफिन तुटल्यामुळे. मग माणूस म्हणतो, मला चहा सोसतच नाही सोडलेला, अन् पुन्हा सुरू. कमी करायचाच असेल तर आठवड्याला एक कप कमी करा.

गुऱ्हाळवाला
बाबांचं मी सांगतो. गूळ अन् साखर एकाच उसाची लेकरं. गुळातही बहुतेक साखरच असते, रक्तातली शुगर तोही वाढवतोच. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलून रायलो, पण खरं ते खरं. गुळात लोह असते म्हणून पितात काही जण. ते थोडंसं लोह चहात घालून काय साधणार, वर ताईनं सांगितलंच. बाकी ज्यांना शुगर नाही त्यांनी खुशाल प्यावा, फक्त गूळ गंज उतरवल्यावर टाका, उकळत्या दुधात टाकला की फाटते.

पऱ्हाटी
आईला चहा सोड म्हटलं तर ती गोळीच सोडेल. गोळी रात्री निंबूपाण्यासोबत देतो. बाबांना बिनसाखरेचा पचेल असं वाटत नाही. अन् वेचणीला जाताना आईला चहाऐवजी गरम काय देता येईल?

वऱ्हाडी गडी
परसातला गवती चहा अन् आलं उकळून द्या, चहापत्ती न टाकता. अन् उपाशी नको धाडू बाप्पा, अर्धी भाकर तं खाऊ दे.