भावाचा आजार 'रक्तातला' आहे असं स्थळांना सांगायचं का?

मीनल_सातारा
मधल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, डेअरीत दूध संकलनाचा हिशोब तोच बघतो. सुरुवातीला सगळ्यांनी आईलाच धरलं. 'लाडावून ठेवलास' हे ऐकून घेत तिनं देवऋषी, उतारे सगळं केलं. मग डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, प्रवृत्ती जन्मतःच असते. त्या दिवशी आई पोटभर जेवली.
पण तेच वाक्य मामांनी धाकटीच्या स्थळाला ऐकवलं (मामांना माहिती द्यायची भारी हौस). 'रक्तातच आहे म्हणजे पोरांनाही होणार' म्हणून नकार आला. आता घरच्यांचं ठरलंय, यापुढे 'टेन्शनमुळे झालं' म्हणायचं. मला पटत नाही.

बंड्या_नाना
लग्न होईपर्यंत गप्प बसा. नाहीतर डायबेटिससारखंच आहे म्हणा, विषय संपला.

निवृत्त_सिस्टर
नाना, डायबेटिसवाल्याला कुणी घाबरत नाही हो. मनोविकार वॉर्डात नोकरी झाली माझी. 'आनुवंशिक' म्हटलं की आईवरचा ठपका जातो आणि पेशंटवर 'हा सुधारणार नाही' असा शिक्का बसतो. 2013 मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही हेच दिसलं: दोष देणं कमी झालं, पण बरं होण्याबद्दलची निराशा वाढली.
मीनल, खोटं बोलू नका, पण आकडे सांगा. हा आजार सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात साधारण नऊ-दहा, मामाला असेल तर भाच्यांमध्ये तीन-चार. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला झाला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरा सुटतो, आणि त्यांची जनुकं तर जवळजवळ तीच! एकच एक 'वेडाचं जनुक' नसतंच. 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 287 जागा निघाल्या, एकेकीचा वाटा चिमूटभर. धाकटीनं गांजापासून लांब राहावं, एवढं मात्र बजावा.

बंड्या_नाना
चहा-पोह्यांच्या वेळी हे टक्के कोण ऐकणार, सिस्टर?

निवृत्त_सिस्टर
टक्के नंतर. आधी तो रोज काय काम करतो ते सांगा.

मीनल_सातारा
धाकटी म्हणते, पुढच्या वेळी पाहुण्यांना घ्यायला दादालाच स्टँडवर पाठवा. मामांना त्या दिवशी कुठं पाठवायचं ते सुचवा.