व्हिक्टोरियन रहस्यकथेतली विधवा नायिका खोटी?

निळीशाई: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की लंडनच्या उमराव घराण्यातली तरुण विधवा खुनाचा छडा लावत हिंडते, हा ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांतला शुद्ध आचरटपणा, त्या काळी बायका घराबाहेरच पडत नसत. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

बायका म्हणजे कुठल्या? कुमारिकेला सोबतीण लागायची, कबूल. लग्न झालेलीने स्वतः कमावलेले पैसेसुद्धा १८७० पर्यंत कायद्याने नवऱ्याचे. आपली मालमत्ता पूर्णपणे आपली, हे १८८२ च्या कायद्यानंतर. विधवेला मात्र करार करता येई, खटला भरता येई. म्हणून तर लेखक पहिल्याच प्रकरणात नवरा मारून टाकतात. आचरटपणा नाही, अभ्यास आहे तो.

चष्मेबद्दूर: मीच तो ‘कुणीतरी’. कायदा मला शिकवू नका. विधवेने वर्षभर तरी क्रेपने, म्हणजे शोकाच्या कापडाने, मढलेले काळे कपडे घालायचे, समारंभ बंद. आणि तुमची नायिका तिसऱ्या आठवड्यात बॉलला, नाचायला!

निळीशाई: बॉलचं सोडा, ते चुकलंच. पण तोंडावर काळी जाळी घेतलेल्या बाईला कोण ओळखणार? हेरगिरीला याहून बरा वेष दाखवा.

वाडा_नंबर_सात: तुम्ही दोघंही दिवाणखान्यातच बसलात. घरातलं खरं नोकरांना ठाऊक असतं. १८६० चं, इंग्लंडमधल्या रोड हिल हाउस या घरातलं खूनप्रकरण घ्या. चार वर्षांचंही नसलेलं पोर मारलेलं, आणि लंडनहून आलेला पोलीस डिटेक्टिव्ह विचर अडून बसला कशावर? धुण्याच्या यादीतल्या एका नाइटगाऊनवर, जो सापडत नव्हता. पोराच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्स केंटला धरलं तर लोक त्याच्यावरच उखडले. साधा पोलीस, आणि सभ्य घरातल्या मुलीचे आतले कपडे मोजतो! १८६५ मध्ये तिनेच कबुली दिली.

आमच्या आजीच्या पाटल्या गेल्या तेव्हा मोलकरणीला सोडून सगळ्यांना विचारून झालं. धाकट्या काकांनी त्या कोळशाच्या पोत्यातून बाहेर नेल्या, हे तिने बघितलेलं. बोलली बारा वर्षांनी, आजीच्या तेराव्याला.

चष्मेबद्दूर: तिचे वडील केंट साहेब कारखाना-निरीक्षक होते. उच्चभ्रू कसले? पाटल्या मात्र झकास.

मूळप्रत: नोकर निघालेच आहेत तर मराठी अनुवादांचं बोलू या. साठीचा बटलर मालकिणीला ‘आपण’, ती त्याला ‘तू’. इंग्रजीत दोघंही ‘यू’! शिवाय ‘सर’ या किताबाला सरळ आडनाव जोडतात. तो पहिल्या नावाला लागतो, शंभरदा सांगून झालं.

वाडा_नंबर_सात: मग काय, ‘अहो बटलरराव’? बटलरला नुसत्या आडनावाने हाक मारत. फुटमनचं, म्हणजे बटलरच्या हाताखालच्या नोकराचं, तर कित्येक घरांत नावच बदलत. तुझं काही का असेना, इथे तू जॉन. ‘तू’च बरोबर.

मूळप्रत: आडनाव म्हणजे ‘तू’? आमच्या ऑफिसात ‘कुलकर्णी, जरा इकडे या’ असंच चालतं. एकवीस वर्षांत मला कुणी ‘तू’ म्हटलेलं नाही. म्हणून तर बघावं!

पंचगंगाकाठ: देवाला तू, आईला तू. बटलरनं काय घोडं मारलंय?

मूळप्रत: आईला लाडाने म्हणतो, इथे माजाने म्हणतात. एवढाही फरक कळत नसेल तर अनुवाद वाचूच नका.

पंचगंगाकाठ: वाचत न्हाईच. तुमची भांडणं वाचतो, फुकट असत्यात.

निळीशाई: अहो, धागा विधवेचा होता!

मूळप्रत: विधवेचंच चाललंय. तिला खुनी शोधायचाय ना? रात्री दार कुणी उघडलं ते त्या बटलरलाच माहीत. ‘तू’ म्हणून विचारलं तर तो सांगेल?

चष्मेबद्दूर: सांगेल की. बारा वर्षांनी, तिच्या तेराव्याला. बरं, विधवा हिंडू शकते, घ्या लिहून. पण तिसऱ्या आठवड्यात बॉल नाही म्हणजे नाही.