अनुभव धागा : शाळेतलं आनापान, पंचशील आणि आपले पोट्टे

उत्तर_नागपूरकर
काल लेकीच्या डायरीत बाईंनी लिहून पाठवलं, "सोमवारपासून परिपाठानंतर 10 मिनिटे आनापान. पाल्यास वेळेवर पाठवावे." आनापान म्हणजे आपल्या येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं. वाचलं आणि इंदोऱ्याकडचा आमचा रविवारचा वर्ग डोळ्यांपुढे आला. त्रिशरण-पंचशील झालं की भंतेजी गोष्ट सांगायचे. राहुलची गोष्ट तर त्यांनी करूनच दाखवली होती. तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी ठेवलं आणि विचारलं, किती आहे? आम्ही सगळे ओरडलो, थोडंसं! "जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याच्यात चांगुलपणा एवढाच." मग ते पाणी अंगणात फेकलं, तांब्या उपडा केला, परत सरळ करून आमच्या पुढ्यात धरला. एकेकानं आत वाकून बघितलं.

बुद्धांनी आपल्या मुलाला केलेला हा उपदेश मज्झिम निकाय या पाली ग्रंथात आहे. पुढे आरशाचा दाखला येतो. काही करायच्या आधी, करताना आणि केल्यावर तपासून बघ, यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का. मूल्यशिक्षण असं व्हावं असं मला मनापासून वाटतं. फळ्यावर "सत्य" लिहून पाच वाक्यं उतरवून घेतली की मुलं वही बंद करतात, विषयही बंद.

शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

झेडपीची_बाई
मुलांचे डबे भरता भरता लिहितेय, सांभाळून घ्या. शाळांत आनापान शिकवायचा मित्र उपक्रम आला तेव्हा आम्हाला प्रशिक्षण होतं, शिक्षण विभाग आणि इगतपुरीची विपश्यना मंडळी मिळून. मी शाळेत सुरू केलं तर पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. एक म्हणे, बाई श्वास दिसतच नाही. मग सांगितलं, नाकाखाली बोट धर, आत येताना गार लागतं, बाहेर जाताना कोमट. तेव्हा कुठे चेहरे उजळले. जानेवारीतली थंडी, अर्ध्या वर्गाला सर्दी. "बाई, याचं नाक वाजून राह्यलं!" की सगळे फिदीफिदी.

गणितात कोणी एकदम हुशार झालं नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पाचवीतला एक मारकुटा पोट्टा मधल्या सुट्टीत धावत आला, मुठी आवळलेल्या, अन् म्हणाला, "बाई, मले राग येऊन राह्यला." मारायच्या आधी सांगायला आला! मला तेवढं पुरे आहे. बाकी नंतर, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

बेझनबागचा_बंड्या
दादा कोणतं विहार? आमच्याकडे वर्ग सुटल्यावर पारले बिस्किटं मिळायची, मी अर्धा त्याच्यासाठीच जायचो 😄 पण "नमो तस्स" अजून तोंडपाठ आहे.

उत्तर_नागपूरकर
@बंड्या, बिस्किटं आमच्याकडेही होती! म्हणजे बहुतेक एकाच सतरंजीवर बसलो असू.

मानेवाड्याची_काकू
आमचं घर माळकरी. मुलाच्या शाळेत हे सुरू झालं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, आता शाळेत धर्म शिकवणार का? मला उत्तर येईना, म्हणून सरांना विचारून मागे जाऊन बसले. फोटो नाही, मंत्र नाही, कोणाचं नाव नाही. आपोआप येणारा-जाणारा श्वास बघायचा, संपलं. घरी येऊन सासूबाईंना तसंच सांगितलं. आता संध्याकाळी हरिपाठाच्या आधी नातू अन् आजी दोघं डोळे मिटून बसतात. त्या म्हणतात, हरिपाठात मन लागतं याच्यानं.

काळा_कोट
काकूंच्या सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नये. संविधानाचं कलम 28 स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. श्वासावर लक्ष देणं हा मनाचा व्यायाम झाला, तो सर्वांना चालेल. "बुद्धं सरणं गच्छामि" सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याची जागा विहारात आणि घरात. मी स्वतः बौद्ध आहे, तरी हेच म्हणेन. उद्या दुसऱ्या कोणी आपल्या मुलांवर त्यांची प्रार्थना लादली तर आपण याच कलमाकडे बोट दाखवणार ना.

रमाईची_नात
वकीलसाहेबांचं पटलं. पण मला दुसरीच काळजी आहे. मुलं शांत बसली, शिस्त आली, की शाळा खूश. बुद्ध तेवढाच का? 3 ऑक्टोबर 1954 ला आकाशवाणीवर बाबासाहेबांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली. ही बंधुता शाळेत कुठे दिसते? मी ज्या शाळेत शिकले तिथे माझ्या डब्यात कोणी हात घालत नव्हतं. का ते मला फार उशिरा कळलं, आईला तेव्हाच कळलं होतं.

आता मी सहावीला शिकवते. जेवायला बसायच्या जागा दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून ठरतात. आधी कुरकुर झाली, दोन पालक भेटायलाही आले. मी हटले नाही. परवा एक मुलगी भाकर-ठेचा घेऊन आली तर चार जणींनी तुकडे मोडून घेतले आणि पाणी पीत नाचल्या. आनापान करवतेच, पण निवडायचीच वेळ आली तर मी त्या चिठ्ठ्या निवडेन.

झेडपीची_बाई
@रमाईची_नात ताई, वाचून डोळे भरले. चिठ्ठ्यांचं उद्यापासून आमच्या वर्गात.

बारावीवाला
आमच्या शाळेत जो गडबड करेल त्याला वऱ्हांड्यात "ध्यानाला" बसवायचे. म्हणजे ध्यान ही शिक्षाच झाली ना. मला अजून डोळे मिटून बसलं की सर मागे उभे आहेत असं वाटते. सरमॅडम लोकांनो, प्लीज असं नका करू. आणि आम्ही बसल्यावर तुम्ही वह्या तपासू नका, तुम्हीपण बसा.

शाळा_समुपदेशक
बारावीवाल्या, अगदी बरोबर बोललास. सगळ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं. आणखी एक. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. घरात मारहाण असेल, नुकतंच कोणी गेलं असेल. अशा मुलाला "हलू नको" म्हणू नये. डोळे उघडे ठेवून समोर जमिनीकडे बघितलं तरी चालतं, मध्येच उठावंसं वाटलं तर उठू द्यावं. एक मुलगा रोज रडायचा. त्याच्या मागे न लागता बाई रोज शेजारी बसत राहिल्या. एक दिवस त्यानंच वडिलांबद्दल सांगितलं. पुढची मदत त्यामुळे करता आली.

आजोबांचा_नातू
माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही अशी एक आहे. आजी सांगायची, त्या दिवसापासून त्यांनी थेंबाला हात लावला नाही. घरात पैसा टिकला, म्हणून बाबा शिकले. पाचवं शील काय करते ते आमच्या घरी असं पोचलं. थोडं विषयाला सोडून झालं, माफ करा.

उत्तर_नागपूरकर
सोडून कुठे, हाच विषय आहे दादा.

पाली_घेतलेली
दहावीला मी पाली घेतली होती, सगळे म्हणायचे मार्क मिळतात म्हणून. मिळालेही. पण "न हि वेरेन वेरानि" ही धम्मपदातली गाथा पाठ करताना माझं अन् माझ्या बेस्ट फ्रेंडचं कडाक्याचं भांडण सुरू होतं. वैरानं वैर शमत नाही, हे रोज घोकायचं अन् तिच्याकडे बघायचंही नाही, किती दिवस जमणार! मीच बोलायला गेले. मार्क कुठे गेले माहीत नाही, मैत्रीण आहे.

बेझनबागचा_बंड्या
कोणी लहान मुलांना धम्म नागला नेलंय का? माहुरझरीचं विपश्यना केंद्र. पोरगी नऊची आहे. खर्च किती येतो?

मानेवाड्याची_काकू
विपश्यना केंद्रांवर मुलांच्या शिबिराची फी नसते, आठ वर्षांपुढच्यांना घेतात. नाव आधी नोंदवा. टोपी अन् पाण्याची बाटली द्या, उन्हाळ्यात नेणार असाल तर कांदापण द्या खिशात 😊

बेझनबागचा_बंड्या
कांदा आमची आई अजून माझ्याच खिशात टाकते, काकू! नोंदवतो.

झेडपीची_बाई
@रमाईची_नात, एक विचारायचं राहिलं. ज्या दिवशी एखादं पोट्टं डबाच आणत नाही, त्या दिवशी चिठ्ठीचं काय करता?

रमाईची_नात
माझा डबा मोठा असतो ताई, पोळ्या जास्तीच्या नेते. आणि त्या दिवशी त्याची चिठ्ठी माझ्या शेजारचीच निघते.