मदत हवी आहे: डोमेन नाव आज ठरवायचंय, डॅश की डॉट इन?

दांडियाबाजारवाली:
घरच्या धंद्याच्या वेबसाइटला पत्ता (डोमेन) घ्यायचाय, पण आम्हाला हवं ते डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. मधे डॅश टाकला की मिळतंय, डॉट इनही मिळतंय. कुठलं घेऊ? उद्या लेबलं छापायला द्यायची आहेत, दिवाळीच्या गर्दीत छापखान्यात परत नंबर लागणार नाही. कृपया लगेच सांगा.

जुना इंदूरकर:
ताई, नाव काय, विकता काय, गिऱ्हाईक कुठलं? त्याशिवाय काय सांगणार? डॉट कॉमवर कुणाचं दुकान चालू आहे की नुसतं अडवून ठेवलंय? खाण्याचंच दुकान असेल तर नावच बदला. तुमची गिऱ्हाइकं चुकून तिकडे जातील, वर ट्रेडमार्कचं लचांड.

दांडियाबाजारवाली:
भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. घरूनच करतो, बडोद्यात. नाव 'बरोडा भाजणी', इंग्रजी अक्षरांत सलग. डॉट कॉम उघडलं की 'हे नाव विक्रीला आहे' एवढंच येतं. डॅश की डॉट इन?

जुना इंदूरकर:
डॉट इन. डॅशचं नाव फोनवर सांगून बघा, ऐकणारा डॅश हमखास गाळतो आणि त्या विक्रीच्या पानावर जाऊन पडतो.

देवनागरी हवी:
डॉट भारत का नको? 2014 पासून देवनागरीत मिळतंय, मराठीसाठीही आहे. माल मराठी, पत्ता मराठी. आपणच नाही घेतलं तर घेणार कोण?

तारा जोडणारा:
घ्या, पण लेबलवर तेवढंच छापू नका. डीएनएसला, म्हणजे नावावरून साइट शोधून देणाऱ्या यंत्रणेला, आतून इंग्रजी अक्षरंच चालतात. म्हणून देवनागरी नावाचं 'एक्स एन' आणि दोन डॅशनी सुरू होणारं रूप बनतं, आणि काही ठिकाणी गिऱ्हाइकाला ते गिचमिडच दिसतं. त्या नावाचा ईमेल बरेच फॉर्म घेत नाहीत. उद्या नावात मेतकूट घातलंत आणि कुणी ते ऱ्हस्व 'कु'नं लिहिलं की पत्ता दुसराच. आणि बडोद्यात गुजराती गिऱ्हाईक असणारच. गुजराती लिपीतलं 'भारत' हे वेगळं एक्स्टेन्शन (डॉटनंतरचा भाग) आहे, ते निराळं घ्यावं लागेल.

देवनागरी हवी:
स्पेलिंगची भानगड इंग्रजीत नाही का? बरोडा लिहिणार की वडोदरा? नाव 1974 साली बदललं, तरी विद्यापीठाच्या नावात बरोडा आहे, बँकेच्याही. आणि 'भाजणी' इंग्रजीत लिहून कुणाला वाचायला द्या. 'भजनी' वाचतील!

तारा जोडणारा:
हा मुद्दा शंभर टक्के खरा. सर्चमध्येही भजनांच्याच गर्दीत सापडाल. भाजणी नावातून काढाच.

सुरसागर काठ:
भाजणीत धणे किती घालता? आमच्याकडे आई गेल्यापासून ती चव जमतच नाही. लिलो चिवडो (ओला चिवडा) इथे कुठेही मिळतो, चांगली भाजणी मात्र शोधावी लागते. घरपोच देता का? मी कारेलीबागेत असतो.

डबल तपासा:
लेबल छापताय तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबर घातलाय ना? घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते. डोमेन नंतरही घेता येईल.

दांडियाबाजारवाली:
नंबर आहे. प्रश्न नावाचाच आहे. 'बरोडा मेतकूट' कसं वाटतं? आणि मेतकूटमध्ये 'यू' लिहू की दोन 'ओ'? काका, घरपोच देतो, व्यनि (खासगी निरोप) करा.

जुना इंदूरकर:
चांगलं आहे. दोन्ही स्पेलिंगं घ्या. लेबलवर 'यू'वालं छापा, दुसरं त्याच्यावर वळवा. पण नोंदवताय कुणाच्या ईमेलवर?

दांडियाबाजारवाली:
साइट करून देणारा मुलगाच घेऊन देणार आहे. ते पॅकेजमध्येच आहे.

जुना इंदूरकर:
हे आधी सांगायचं होतंत! तसं अजिबात करू नका. माझ्या मावसभावाच्या दुकानाचं डोमेन असंच साइटवाल्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे साइटवाल्यानं फोन घेणं बंद केलं, मुदत संपली, नाव गेलं. पाट्या, पिशव्या, बिलबुकं, सगळ्यांवर तोच पत्ता. खातं तुमचं, ईमेल तुमचा, पैसे तुमच्या कार्डावरून. मुलाला नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ती नोंद, तेवढे बदलू द्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. शक्य असेल तर काही वर्षांचे एकदम भरा, 10 वर्षांपर्यंत भरता येतात.

तारा जोडणारा:
लेबलवर क्यूआर आहे का? असला तर तो स्वतःच्या डोमेनकडेच न्या. इन्स्टाग्रामच्या पानाकडे नेलात आणि ते पान बंद पडलं तर छापलेली लेबलं वाया.

देवनागरी हवी:
आणि डॉट भारत?

दांडियाबाजारवाली:
दादा, पुढच्या वर्षी. डॉट इनची दोन्ही स्पेलिंगं मिळाली, माझ्याच ईमेलवर घेतली. क्यूआर इन्स्टाग्रामचाच होता, तो आत्ता बदलून मागवलाय.

सुरसागर काठ:
व्यनि केलाय. धण्यांचं तेवढं सांगा.