पिकअपला एक माप मोठे टायर बसवण्याबाबत मदत हवी आहे

माझ्या पिकअपला सध्या २४५/७० आर १६ मापाचे (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंच) टायर आहेत आणि खडकाळ, चिखलाच्या वाटेवर गाडी खाली घासू नये म्हणून त्याच रिमवर २६५/७० आर १६ बसवावेत, असा विचार आहे. हिशेबाने टायरचा व्यास सुमारे ७४९ वरून ७७७ मिलिमीटर होतो. म्हणजे गाडी जेमतेम १४ मिलिमीटर उचलली जाईल, आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना खरा वेग १०४ च्या जवळ असेल. एवढा फरक मला चालेल.

खरी काळजी घासण्याची आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या टायरचा खांदा (रस्त्याला टेकणाऱ्या भागाची बाजूची कड) आणि मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर यांत आत्ताच बोटभर जागा उरते. त्यात रुंदी २० मिलिमीटरने वाढली, आणि वळण घेतानाच खड्ड्यात सस्पेन्शन दबले, तर काय होईल? सस्पेन्शन न उचलता हे माप कोणी वापरले असल्यास टायर नेमका कुठे घासला, अस्तर कापावे लागले का, की ते मागे सरकवून भागले, हे कृपया कळवावे. स्पेसर (चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची जाड चकती) लावणे मला पटत नाही, कारण त्याने चाक बाहेर येऊन व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो.

गाडी बहुतेक वेळा भरलेली असते, त्यामुळे लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलू शकतो ते दाखवणारा अंक) मूळ टायरपेक्षा कमी घेणार नाही. मोठ्या टायरने भरल्या गाडीचा चढावरचा जोर, ब्रेक आणि डिझेलचा खप यांत जाणवण्याइतका फरक पडला का, हेही सांगावे. स्टेपनीच्या जागेत मोठे चाक मावते का?