मदत हवी आहे: सफरचंदाला कळ्या आल्या आणि वर बर्फ पडला

अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ राहतो. यंदा पाडव्याला गुढी उभारताना अंगात स्वेटरही नव्हता, इतकं ऊन. त्या उबेला भुलून अंगणातलं हनीक्रिस्प सफरचंद वेळेआधीच कळ्यांवर आलं. आणि काल रात्रीत वीतभर बर्फ! इथे एप्रिलमध्ये बर्फ पडतोच, २०१८ च्या एप्रिलमध्येही मोठं वादळ झालं होतं. पण तेव्हा झाडं अजून झोपेत होती, हा फरक.

वाचलंय ते असं: कळ्या गुच्छात घट्ट असताना उणे ३ अंशांना थोड्याच जळतात, उणे ६ ला जवळपास सगळ्या. पूर्ण उमललेल्या फुलांना तर उणे ४ सुद्धा पुरतं. २०१२ मध्ये मार्चच्या उन्हाने फसून मिशिगनची सफरचंदं अशीच गेली. आज आभाळ मोकळं होतंय आणि रात्रीचा अंदाज उणे ५ आहे, म्हणून खरी धास्ती आजची.

झाड आठ फुटी आहे. जुन्या चादरी जमिनीपर्यंत सोडून आत जुने तापणारे बल्ब लावले तर उपयोग होईल का? फांद्यांवरचा बर्फ झटकू की राहू देऊ? ट्यूलिप्सना मी हात लावणार नाही, ते चिवट असतात.

आणि हो, उत्साहाच्या भरात कढीपत्त्याची कुंडीही बाहेर ठेवली होती. आत आणलीय, पण पानं काळी पडलीत. छाटू की थांबू? बायको अजून बोलत नाहीये.